कॅनॉट प्लेस, मनोरे आणि माझा एक शेरा

दिल्लीत बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला मोकळा रविवार बहुधा कॅनॉट प्लेसमध्ये जातो. आमचाही गेला. पांढऱ्या खांबांच्या ओसरीतून, उन्हापावसाची चिंता न करता, एका दुकानावरून दुसऱ्या दुकानाकडे चालताना पत्नीला मुंबईच्या फोर्टातील हॉर्नबी रोडची, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गाची आठवण झाली. तेथेही पादचारी दुकानांपुढच्या कमानींखालून चालतो. माझे लक्ष मात्र दुसरीकडे होते. आतल्या वर्तुळातून बाहेरच्या वर्तुळाकडे आलो आणि मान वर केली, तर दुमजली खांबांच्या डोक्यावर बाराखंबा मार्ग आणि कस्तुरबा गांधी मार्गावरील कार्यालयांचे मनोरे उभे होते. एकाच चौकात दोन शहरे असावीत आणि त्यांची परस्परांशी ओळखही नसावी, असे ते दृश्य होते.

पुढे दोनच वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या मध्यास, अशाच एका मनोऱ्याची नस्ती माझ्या टेबलावर आली. ज्या कार्यालयात मी तेव्हा होतो त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. बाह्यवर्तुळापलीकडील एका भूखंडावर आधीच मंजूर असलेल्या इमारतीच्या आराखड्यात फेरबदल मागितला होता. तळाचे आच्छादन कमी करून तेवढेच क्षेत्र वरच्या मजल्यांत घ्यावयाचे होते. खालून आलेली टिपणी नेटकी होती. अग्निशमनाचा अभिप्राय होता, वाहनतळाचे गणित होते, भाडेपट्ट्याच्या अटींचा उतारा होता. मी शेरा मारला : ‘नियमानुसार अनुज्ञेय. आक्षेपास कारण दिसत नाही.’ सही केली, तारीख टाकली आणि पुढची नस्ती घेतली. जागा पाहिली नव्हती. माझ्या कार्यालयापासून ती चालत वीस मिनिटांवर होती.

त्या शेऱ्यात ‘नियमानुसार’ हा शब्द होता. तो नियम कोणी, केव्हा आणि कशासाठी केला, हे मी नंतर, बरेचसे निवृत्तीनंतर, शोधत गेलो. त्याची ही हकीकत आहे.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली. नव्या शहरासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ज्या वस्त्या घेतल्या गेल्या त्यांत माधोगंज, जयसिंगपुरा आणि राजा का बाजार ही नावे आहेत. ‘जयसिंगपुरा’ या नावातच सवाई जयसिंग आहेत. त्यांनी १७२४ मध्ये बांधलेली जंतर मंतर ही वेधशाळा त्याच परिसरात. त्या वस्त्या उठल्या आणि तेथे बाजारपेठ काढण्याचे ठरले. भारत सरकारचे वास्तुविशारद निकोल्स यांनी वर्तुळाकार चौकाची पहिली कल्पना मांडली, पण ते १९१७ मध्ये परत गेले. प्रत्यक्ष इमारती रॉबर्ट टॉर रसेल यांच्या, १९२९ ते १९३३ या काळातल्या. इंग्लंडमधील बाथ येथील अर्धवर्तुळाकार घरांची रांग त्यांच्यापुढे नमुना म्हणून होती. नाव दिले गेले ते कॅनॉटच्या ड्यूकचे. त्यांनी १९२१ मध्ये दिल्लीत येऊन आजच्या जुन्या संसद भवनाची कोनशिला बसविली होती.

ही इमारत, म्हणजे हा सबंध चौक, जेव्हा उभा राहिला तेव्हा कोणाला ऐतिहासिक वाटत नव्हता. व्यापाऱ्यांची पेठ काश्मिरी गेट आणि चांदणी चौकाकडे होती. नव्या दिल्लीत माणसे थोडी, तीही उन्हाळ्यात साहेबांबरोबर सिमल्यास जाणारी. खाली दुकान आणि वर राहते घर, अशी रचना होती. १९३२ मध्ये रीगल हे नाट्य-चित्रपटगृह निघाले. वॉल्टर जॉर्ज यांनी त्याचा आराखडा केला आणि सर सोभा सिंग यांनी ते बांधले. हळूहळू माणसे येऊ लागली. वस्ती उठवून, बाहेरचा नमुना आणून, सरकारी हुकमाने वसविलेली ही पेठ साठ-सत्तर वर्षांत ‘आपला वारसा’ झाली. मनोऱ्यांना विरोध करणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट विसरू नये असे मला वाटते. त्यांचा विरोध त्यामुळे चुकीचा ठरत नाही. पण ‘मूळचे’ आणि ‘उपरे’ हे शब्द या चौकात जरा जपून वापरावे लागतात.

दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये नव्या दिल्लीत घरभाडे नियंत्रणाचा आदेश निघाला. युद्धापुरती म्हणून आलेली ही व्यवस्था वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने चालत राहिली आणि १९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्यात स्थिर झाली. मुंबईच्या वाचकांना १९४७ चा भाडे कायदा आणि पागडी ठाऊक आहे, त्यामुळे अधिक सांगण्याची गरज नाही. इतकेच ध्यानात ठेवावे की कॅनॉट प्लेसच्या दुकानांची भाडी जुन्या आकड्यांवर थांबली आणि आजूबाजूच्या जमिनीची किंमत मात्र थांबली नाही.

मग १९४७ आले. पश्चिम पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे ओसरीत, फुटपाथवर, तेव्हाच्या क्वीन्सवेवर, म्हणजे आजच्या जनपथावर, पथारी मांडून बसली. केंद्रातील बांधकाम खाते त्या काळात काकासाहेब गाडगीळांकडे होते. पुण्याच्या या मंत्र्याच्या खात्यापुढे एका बाजूस राजधानीची शोभा आणि दुसऱ्या बाजूस उघड्यावर आलेली माणसे, असा तो प्रसंग होता. शोभेने माघार घेतली हे बरेच झाले. जनपथचा बाजार त्यातून उभा राहिला आणि तोही आज जुना, जपण्याजोगा मानला जातो.

मनोऱ्यांचा खरा जन्म कागदावर झाला, आणि तो १९६२ मध्ये. दिल्ली विकास प्राधिकरण १९५७ मध्ये स्थापन झाले होते. फोर्ड फाउंडेशनने पाठविलेल्या तज्ज्ञांच्या साहाय्याने तयार झालेला दिल्लीचा पहिला मास्टर प्लॅन १ सप्टेंबर १९६२ पासून लागू झाला. कॅनॉट प्लेस आणि त्याचा विस्तार हे शहराचे मध्यवर्ती व्यापारकेंद्र असेल असे त्यात ठरले. विस्तार म्हणजे बाराखंबा मार्ग, तेव्हाचा कर्झन रोड आणि लगतचे रस्ते. तेथे तेव्हा कायम भाडेपट्ट्याचे, बाग असलेले बंगले होते.

येथे चटई क्षेत्र निर्देशांकाबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे सांगणारा हा आकडा. दिल्लीत तो शेकड्यात सांगण्याची रीत आहे. २५० म्हणजे अडीचपट. समजा, हा आकडा अडीचशे ठेवला आणि तळाचे आच्छादन एक चतुर्थांश ठरविले, तर सरळ भागाकाराने दहा मजले होतात. आच्छादन आणखी कमी केले की मजले आणखी वाढतात. नगररचनाकाराचा हेतू चांगलाच असतो. इमारत उंच जावी आणि तिच्या पायथ्याशी मोकळी जागा, झाडे राहावीत. प्रत्यक्षात त्या मोकळ्या जागेत मोटारी उभ्या राहतात. सांगण्याचा मुद्दा असा की इमारत किती उंच होईल, तिची सावली कोठवर जाईल, ती कोणाच्या डोक्यावर दिसेल, हे सगळे तक्त्यातील दोन आकड्यांनी ठरते, आणि ते आकडे ठरताना चौकातल्या कोणाही दुकानदाराला त्यांचा अर्थ कळलेला नसतो.

१९७० च्या दशकात हे आकडे जमिनीवर उतरले. बंगले गेले. हंसालय, आकाशदीप, हिमालय हाऊस, सूर्यकिरण, कैलास अशी नावे घेऊन मनोरे आले. नावे पाहा, सगळीच आकाशाकडे निघालेली. ज्या रस्त्याचे नावच ‘बारा खांब’ असे आहे, त्यावर खांब कोठेच उरला नाही. कार्यालये मजल्यामजल्याने, कित्येकदा खोलीखोलीने विकली गेली.

सरकारचा यात संबंध केवळ नियमनाचा नव्हता. जमीन केंद्राची, कायम भाडेपट्ट्याने दिलेली. राहत्या बंगल्याचे व्यापारी जागेत रूपांतर करावयाचे, अथवा ती हस्तांतरित करावयाची, तर वाढलेल्या किमतीतला वाटा सरकारजमा करावा लागे. आपल्याकडे भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीवर नजराणा किंवा अनर्जित उत्पन्न भरावे लागते, त्याच जातीची ही गोष्ट. त्यात गैर काहीच नाही. जमिनीचे मूल्य शहराने वाढविले असेल तर त्यातला वाटा शहराला मिळावा. पण जो पंच आहे तोच प्रत्येक मजल्यामागे काही कमावतो, ही जाणीव टिपणी लिहिणाऱ्याला असावी. मला ती नव्हती.

मनोरे दिसू लागल्यावर ओरड झाली आणि मग संस्था निर्माण झाली. १९७३ च्या कायद्याने दिल्ली नागरी कला आयोग स्थापन झाला व १९७४ पासून काम करू लागला. इमारतींच्या व परिसराच्या सौंदर्यदृष्टीने सरकारला सल्ला देणे हे त्याचे काम. तोपर्यंत कितीतरी भूखंडांना १९६२ च्या आकड्यांचा हक्क मिळून गेला होता. एकदा दिलेला आकडा परत घेणे प्रशासनाला फार जड जाते, कारण त्या आकड्यावर मालकाने कर्ज काढलेले असते. सल्ला देणाऱ्या आयोगाकडे मग काचेचा रंग आणि दर्शनी भागाचा दगड एवढेच उरते.

याच काळात पालिकेने स्वतः काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. संसद मार्गावर, जंतर मंतरच्या समोर, नवी दिल्ली नगरपालिकेचे पालिका केंद्र उभे राहिले आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात पूर्ण झाले. वास्तुविशारद कुलदीप सिंग, रचना अभियंता महेंद्र राज. वास्तू म्हणून ती उत्तम आहे, याविषयी मला शंका नाही. काँक्रीटच्या दोन वक्र भिंती खालून वर निमुळत्या होत जातात, आणि जाणकार लोक तिचे कौतुक करतात ते योग्यच आहे. उंची ऐंशी मीटरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या दिल्लीतील सर्वांत उंच इमारतींपैकी एक. आणि ती कोठे, तर ज्या जागेचे सगळे शास्त्रच सावलीवर चालते, त्या वेधशाळेच्या समोर. सम्राट यंत्राची भिंत सुमारे एकवीस मीटर उंच. तिची सावली चापाकृती मोजपट्टीवर पडते आणि त्यावरून वेळ वाचता येते. चारी बाजूंनी इमारती वाढल्यावर क्षितिज झाकले गेले आणि सकाळ-संध्याकाळचे वेध घेणे अवघड झाले. पुरातत्त्व खात्याने पुढे यंत्रांच्या दुरुस्तीचा विचार केला तेव्हा तज्ज्ञांनी हीच अडचण पुढे केली. जयपूरची जंतर मंतर २०१० मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. दिल्लीची त्या यादीत नाही.

हे एकच उदाहरण असते तर योगायोग म्हणता आले असते. परंतु २०१० मध्ये दिल्ली महानगरपालिकेने मिंटो रोडजवळ, कॅनॉट प्लेसपासून थोड्याच अंतरावर, आपले अठ्ठावीस मजली नागरी केंद्र सुरू केले. उंची शंभर मीटरच्या घरात. शहरातल्या इमारतींची उंची तपासणाऱ्या दोन्ही पालिकांची मुख्यालये आपापल्या काळात शहराच्या माथ्यावर जाऊन बसली.

एक इमारत मात्र अशी आहे की जिच्याबद्दल मी अजून मन ठरवू शकलेलो नाही. बाह्यवर्तुळावरील आयुर्विमा महामंडळाची जीवन भारती. आराखडा १९७५ चा, बांधकाम १९८६ मध्ये पूर्ण. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. मूळचे गोव्याचे घराणे, कर्मभूमी मुंबई. या माणसाने १९६० च्या दशकात, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह, मुंबईची सगळी कार्यालये दक्षिण टोकाला कोंबू नका, खाडीपलीकडे नवे शहर वसवा, असे आग्रहाने सांगितले. नरिमन पॉइंटचा भराव चालू असतानाची ही गोष्ट. त्यातूनच नव्या मुंबईची कल्पना पुढे आली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. त्याच कोरियांकडे दिल्लीत अगदी जुन्या पेठेच्या काठावर मोठी कार्यालयीन इमारत बांधण्याचे काम आले. त्यांनी ते नाकारले नाही. तांबडा वालुकाश्म, काच आणि वर सबंध रुंदीभर पसरलेली पोलादी चौकट, अशी नाटकाच्या पडद्यासारखी ती वास्तू त्यांनी उभी केली. पुढे खांबांची पेठ, मागे मनोरे, आणि मध्ये हा पडदा. बागेच्या बाजूने पाहिले तर काचेत झाडे दिसतात. मनोरे येणारच असतील तर त्यांना पेठेशी बोलायला लावावे, असा त्यांचा विचार असावा. लोकांना ती इमारत आवडली नाही, निदान बराच काळ नाही. मी तिच्यासमोरून शेकडो वेळा गेलो आहे. काही दिवशी ती मला एकमेव प्रामाणिक प्रयत्न वाटते, काही दिवशी नुसतीच फार मोठी.

१९८५ मध्ये केंद्र सरकारने नव्या दिल्लीतील बहुमजली बांधकामांवर सरसकट बंदी घातली. ८ फेब्रुवारी १९८८ रोजी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यांनी लुट्येन्सच्या बंगल्यांच्या क्षेत्राला संरक्षण दिले. मंत्री, न्यायाधीश, सचिव ज्या भागात राहतात त्या भागाच्या आकाशाची काळजी प्रथम घेतली गेली, हे मी कोणताही कडवटपणा न ठेवता नोंदवितो. मीही काही वर्षे त्याच झाडांच्या सावलीत राहिलो.

बंदीचा आणखी एक परिणाम झाला, ज्याची चर्चा वारसाप्रेमी मंडळी करीत नाहीत. कार्यालयांची गरज बंदीमुळे नाहीशी झाली नाही. दिल्लीत जमीन प्राधिकरणाच्या हाती, मध्यभागी उंचीवर बंदी. शेजारी हरियाणात १९७५ च्या कायद्याने खाजगी विकासकांना परवाने मिळत होते. मनोरे गुडगावला गेले, आज त्याला गुरुग्राम म्हणतात. पंचवीस-तीस किलोमीटर दूर, आरंभी धड रस्ते नसलेल्या, मलनिस्सारण नसलेल्या जागी. कॅनॉट प्लेसमधला एक मनोरा अडविला म्हणजे दररोज किती माणसे किती तास महामार्गावर घालवतील, असा हिशोब कोणत्याही नस्तीवर मी पाहिला नाही. तसाच, मनोरा मंजूर केला तर चौकात काय होईल, असाही पाहिला नाही.

एका बैठकीत मी व्यापाऱ्यांचे म्हणणे ऐकले होते. ते मनोऱ्यांच्या विरुद्ध असतील असे मी गृहीत धरून गेलो. तसे नव्हते. दुपारी एक ते अडीच या वेळात त्याच मनोऱ्यांतून माणसे उतरतात आणि ओसरी भरते, असे एक उपाहारगृहवाले म्हणाले. त्यांची तक्रार मोटारींची होती आणि भिंतींची होती. घरमालक दुरुस्ती करीत नाही. का करील? दुकानाचे भाडे काही शेकड्यांत. १९८८ च्या दुरुस्तीने साडेतीन हजारांवरील भाडी नियंत्रणातून बाहेर काढली, पण जुने भाडेकरू त्या रेषेच्या खालीच. १९९५ मध्ये संसदेने नवा दिल्ली भाडे कायदा संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. व्यापाऱ्यांच्या आंदोलनानंतर तो अमलात आणण्याची अधिसूचना निघालीच नाही. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूला देशातील अत्यंत महाग कार्यालयीन जागा आणि दुसऱ्या बाजूला गळके छप्पर, अशी स्थिती दशकानुदशके राहिली.

२ फेब्रुवारी २०१७ रोजी पहाटे ‘सी’ ब्लॉकमधील एका इमारतीचे छत कोसळले. थोड्याच दिवसांनी ‘एल’ ब्लॉकमध्ये तसेच घडले. मनोऱ्याने पाडले नाही, बुलडोझरने पाडले नाही. त्याआधी २००४ मध्ये वारसा संवर्धन समिती नेमली गेली होती. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, म्हणजे दिल्ली नऊ वर्षे मागे. २००९ मध्ये नवी दिल्ली पालिकेच्या हद्दीतील १४१ वारसास्थळे अधिसूचित झाली. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दर्शनी भागांना नवा रंगही लागला होता. छताला मात्र अधिसूचनेचा आधार पुरला नाही.

आता नवा युक्तिवाद मेट्रोचा आहे. जुलै २००५ पासून बागेखाली राजीव चौक स्थानक आहे. जेथे एवढी मोठी सार्वजनिक गुंतवणूक झाली, तेथेच दाट बांधकाम व्हावे, मनोरे उंच व्हावेत, म्हणजे मोटारी कमी होतील, असे नगररचनाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. गुरुग्रामचा अनुभव पाहता मी त्यांच्याकडे झुकतोही. पण ते जेव्हा हे सांगतात तेव्हा त्यांच्या हातात पुन्हा एक तक्ताच असतो, आणि त्यात पुन्हा दोनच आकडे.

माझ्या शेऱ्याकडे परत येतो. इमारत पूर्ण झाल्यानंतरच्या हिवाळ्यात माझे घड्याळ बंद पडले. कोणीतरी बाह्यवर्तुळातील एका जुन्या कारागिराचे नाव सांगितले. वर जाण्याचा जिना अरुंद, लाकडी. खोली लहान. रावळपिंडीहून १९४७ मध्ये आलेले एक वृद्ध सरदारजी खिडकीशी टेबल लावून बसले होते. डोळ्याला भिंग, आणि सकाळी साडेनऊला डोक्यावर पेटलेला विजेचा दिवा. खिडकी आग्नेयेकडे होती. मी सहज विचारले, ‘सरदारजी, एवढी मोठी खिडकी असताना दिवा कशाला?’

त्यांनी भिंग काढले नाही. ‘साहब, पहले दस बजे तक धूप का काम करते थे। अब वो सामने आ गया।’

मी खिडकीतून पाहिले. ‘तो’ म्हणजे माझाच मनोरा. ओळखायला अवघड नव्हते, तळाचे आच्छादन कमी करून वरचे मजले वाढविलेला. हिवाळ्यातले सकाळचे ऊन त्याच्या मागे अडकले होते. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. हिवाळ्यातच तेवढे होते, उन्हाळ्यात सूर्य वरून जातो, असे तेच मला समजावून सांगू लागले. कोणत्या महिन्यात किती वाजता ऊन टेबलाच्या कोणत्या कोपऱ्यावर येते, हे त्यांना पाठ होते. पन्नास वर्षे त्यांनी त्या टेबलावर दुसरे काय पाहिले होते? मी त्यांना माझ्या शेऱ्याबद्दल सांगितले नाही. तीस रुपये घेतले त्यांनी.

त्यांनी सांगितलेली माहिती, म्हणजे वर्षातील चार दिवशी, तीन-तीन वेळी सावली कोठे पडेल याचे रेखाटन, कोणताही वास्तुविशारद अर्ध्या दिवसात करून देऊ शकतो. ती मागण्याचा नियम नव्हता. आणि मागितली असती तर मी काय केले असते? खरे सांगायचे तर बहुधा तोच शेरा मारला असता, कारण एका कारागिराच्या टेबलावरील उन्हासाठी मंजूर क्षेत्र नाकारण्याचा अधिकार माझ्या खुर्चीला नव्हता. परंतु निदान ‘आक्षेपास कारण दिसत नाही’ हे शब्द मला लिहिता आले नसते. दुसरे काहीतरी लिहावे लागले असते, आणि ते वरच्या कोणालातरी वाचावे लागले असते.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत निरनिराळ्या शहरांत उंच इमारतींच्या नऊ नस्त्या माझ्याकडे आल्या. प्रत्येकीवर मी सावलीचा नकाशा मागितला. दोघांनी तो पाठविला. उरलेल्या सात ठिकाणांहून ‘नियमात तरतूद नाही’ असे उत्तर आले. त्यांपैकी पाच इमारती आज उभ्या आहेत, दोन न्यायालयात आहेत. सरदारजींची खोली मागच्या वर्षी पाहिली. जिना तोच आहे. वर आता एका वकिलाचे कार्यालय आहे, आणि खिडकीला वातानुकूलन यंत्र बसविले आहे.